विश्लेषण : एसएसडीच्या खोक्यावरचा वेग प्रत्यक्षात का मिळत नाही? खरी चाचणी कशी करतात?

एसएसडीच्या खोक्यावर ‘७,००० एमबी प्रतिसेकंद’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ती संगणकात बसवून चाचणीचे एखादे मोफत सॉफ्टवेअर चालवले की पडद्यावरही साधारण तोच आकडा उमटतो आणि पैसे सत्कारणी लागल्यासारखे वाटते. मग एखाद्या लग्नाचे दोनशे जीबीचे चित्रीकरण तितक्याच वेगवान दुसऱ्या एसएसडीवरून तिच्यावर कॉपी करायला घेतले, की सुरुवातीचा भाग भराभर जातो आणि अचानक वेग निम्म्यावर, कधी दहाव्या हिश्शावर येतो. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता आणि सॉफ्टवेअरही खोटे बोलले नव्हते. दोघांनी फक्त एसएसडीला सर्वात सोपा प्रश्न विचारला होता. अवघड प्रश्न कोणते आणि ते घरबसल्या कसे विचारता येतात, याचा हा आढावा.

खोक्यावरचा आकडा नेमका कशाचा?

तो असतो सलग वाचनाचा किंवा सलग लेखनाचा. एक मोठी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचली, तर एसएसडीतल्या सगळ्या चिप एकाच वेळी कामाला लागतात आणि वेग कमाल पातळीला पोहोचतो. त्यातही ड्राइव्ह कोरी करकरीत असते, थंड असते आणि तिच्याकडे एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत लावलेल्या असतात. ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चाचणी सॉफ्टवेअरमध्ये पहिली ओळ ‘सीक्यू१एम क्यू८टी१’ अशी दिसते. तिचा अर्थ असा, की एक एमबीचे सलग तुकडे, एका वेळी आठ मागण्यांची रांग आणि काम करणारा एक धागा. लोक स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवतात तो बहुतेक वेळा याच ओळीचा.

या कमाल वेगाला जोडणीचीही मर्यादा असते. साटा जोडणीची एसएसडी कितीही चांगली असली तरी ५५० एमबीच्या आसपास थांबते. एनव्हीएमई प्रकारात तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर सुमारे ३,५०० आणि चौथ्या पिढीवर सात हजारांच्या पुढे, असे टप्पे आहेत. म्हणूनच जुन्या लॅपटॉपमध्ये ७,००० एमबीची महागडी एसएसडी बसवली, तरी लॅपटॉपची खाच तिसऱ्या पिढीची असल्यास निम्माच वेग मिळतो. दुकानदार हे सांगतोच असे नाही.

मग रोजच्या वापरात फरक का जाणवत नाही?

कारण संगणक रोज सलग वाचन फारसे करतच नाही. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, टॅली किंवा फोटोशॉप चालू करताना हजारो लहानसहान तुकडे ड्राइव्हच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून मागवले जातात. एकाच कपाटातले हजार कागद उचलणे निराळे आणि हजार कपाटांतून एकेक कागद काढणे निराळे. या दुसऱ्या कामाची मोजणी चाचणीच्या शेवटच्या ओळीत असते, ‘आरएनडी४के क्यू१टी१’ म्हणजे चार केबीचे विखुरलेले तुकडे, तेही एका वेळी एकच मागणी. तिथला आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो, कारण सात हजारांच्या ड्राइव्हवर तिथे ८० किंवा ९० दिसतात.

हिशेब सोपा आहे. फ्लॅश चिपमधून एक तुकडा शोधून आणायला समजा ५० मायक्रोसेकंद लागले, तर एका सेकंदात अशा २० हजार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत चार केबी, म्हणजे एकूण सुमारे ८० एमबी. चिपचा हा प्रतिसादाचा वेळ कमी होत नाही तोवर जोडणी कितीही रुंद केली तरी उपयोग नाही. साटा एसएसडीवर हाच आकडा साधारण ३० ते ४० एमबी असतो. थोडक्यात, साटावरून महागड्या एनव्हीएमईवर जाताना खोक्यावरचा आकडा बारा-तेरा पट वाढतो आणि रोज जाणवणारा वेग फार तर दुप्पट.

याउलट जुन्या हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर आले की संगणक नवा झाल्यासारखा वाटतो, तेही याच ओळीमुळे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, शिवाय सुई हलण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे हार्ड डिस्क या कसोटीत एक एमबीचाही पल्ला गाठत नाही. जुना लॅपटॉप सुधारायचा असेल तर सर्वात महागड्या एसएसडीची गरज नसते, हे या एका ओळीवरून कळते.

गंमत म्हणजे याच कसोटीत साध्या एसएसडीला दोन-तीन पटींनी मागे टाकणारे तंत्रज्ञान बाजारात होते. इंटेलच्या ‘ऑप्टेन’ ड्राइव्ह सलग वेगात फार पुढे नव्हत्या, पण विखुरलेल्या वाचनात त्यांना तोड नव्हती. त्या महाग होत्या आणि इंटेलने २०२२ मध्ये हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापता येईल असा आकडा त्यांच्याकडे नव्हता, हेही खप कमी राहण्याचे एक कारण म्हणता येईल.

काही सेकंदांनंतर वेग का कोसळतो?

फ्लॅश चिपमधल्या प्रत्येक सेलमध्ये विद्युतभार साठवलेला असतो. एका सेलमध्ये एकच बिट ठेवायचा तर भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. या प्रकाराला एसएलसी म्हणतात आणि तो अतिशय वेगवान, टिकाऊ पण महाग असतो. आज बहुतेक एसएसडी टीएलसी म्हणजे सेलमागे तीन बिट किंवा क्यूएलसी म्हणजे चार बिट साठवणाऱ्या असतात. तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या अचूक साधाव्या लागतात. लेखन म्हणूनच संथ होते.

यावर कंपन्यांनी काढलेली तोड अशी, की रिकाम्या सेलचा काही भाग तात्पुरता एक-बिटी पद्धतीने वापरायचा. आलेला डेटा आधी तिथे झपाट्याने उतरवून घ्यायचा आणि ड्राइव्हला उसंत मिळाली की सावकाश तीन किंवा चार बिटांत रचून ठेवायचा. बाजार समितीत हंगामाच्या पहिल्या दिवशी असेच चालते. ट्रॅक्टर आवारात येऊन भराभर रिकामे होतात, माल गोदामात रचण्याचे काम नंतर. पण आवार भरले की पुढच्या ट्रॅक्टरला गोदामाच्या गतीनेच पुढे सरकावे लागते आणि रांग रस्त्यापर्यंत येते. एसएसडीच्या या आवाराला एसएलसी कॅशे म्हणतात.

आता चाचणीकडे पाहू. क्रिस्टलडिस्कमार्क मूळ मांडणीत एक जीबीच्या फाइलवर काम करते. ही फाइल आवाराच्या एका कोपऱ्यात मावते. गोदामाची गती काय, हे या चाचणीला कळण्याचा मार्गच नाही.

दुसरी मेख रिकाम्या जागेची. एक टीबीची क्यूएलसी एसएसडी पूर्ण रिकामी असेल, तर तिच्या सेलमध्ये एक-बिटी पद्धतीने जास्तीत जास्त २५० जीबी मावतील. तीच ड्राइव्ह ८० टक्के भरली, की मोकळ्या २०० जीबीतून आवाराला फार तर ५० जीबी उरतात. समीक्षक कोऱ्या ड्राइव्हवर चाचणी घेतो आणि ग्राहक ती वर्षभर भरलेलीच वापरतो.

त्यात फ्लॅशचा स्वभाव असा, की त्यावर लिहिलेले जागच्या जागी बदलता येत नाही. पाटीवरची एक ओळ पुसण्याची सोय नाही, पूर्ण पाटीच पुसावी लागते. लेखन काही केबींच्या पानांत होते, पण पुसणे अनेक एमबींच्या ठोकळ्यातच. ड्राइव्ह भरत आली की कंट्रोलरला कामाची पाने इकडून तिकडे हलवून ठोकळे रिकामे करावे लागतात. कोणती पाने आता नकोत हे ऑपरेटिंग सिस्टीमने ड्राइव्हला कळवण्याची ‘ट्रिम’ ही सोय विंडोजमध्ये २००९ च्या ‘विंडोज ७’पासून आली. ती चालू नसेल तर ड्राइव्ह डिलीट केलेल्या फाइलींचीही हमाली करत राहते.

२०२१ मध्ये काय उघड झाले?

वरच्या सगळ्या गोष्टी तांत्रिक वाटल्या तरी त्यांचा थेट संबंध ग्राहकाच्या पैशांशी आहे, हे २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिसले. चिपच्या जागतिक टंचाईचा तो काळ. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ब्लू एसएन५५०’ या लोकप्रिय एसएसडीत नाव आणि मॉडेल तेच ठेवून आतल्या फ्लॅश चिप बदलल्याचे एका चिनी संकेतस्थळाने दाखवून दिले. कॅशे भरल्यानंतरचा लेखनवेग आधी सुमारे ६१० एमबी होता, तो ३९० वर आला होता. दोनशे जीबींच्या चित्रीकरणाचा हिशेब केला तर साडेपाच मिनिटांचे काम साडेआठ मिनिटांवर गेले. एक जीबीच्या चाचणीत मात्र जुनी आणि नवी ड्राइव्ह जुळ्या बहिणी दिसत होत्या. टीका झाल्यावर, जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांवर परिणाम होणारा बदल केल्यास यापुढे मॉडेल क्रमांकही बदलू, असे कंपनीला सांगावे लागले.

क्रुशियलच्या ‘पी२’चे प्रकरण अधिक बोचरे. सुरुवातीला समीक्षकांकडे गेलेल्या ड्राइव्ह टीएलसी होत्या आणि चांगले शेरे त्यांनाच मिळाले. नंतर त्याच नावाने क्यूएलसी ड्राइव्ह विकल्या गेल्या. कॅशे संपल्यावर त्यांचा लेखनवेग हार्ड डिस्कच्याही खाली जात असल्याचे चाचण्यांत आढळले.

सॅमसंगच्या ‘९७० इव्हो प्लस’मध्येही त्याच सुमारास कंट्रोलर बदलला गेला. हे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण बदल सरसकट वाईट नव्हता. एक टीबीच्या ड्राइव्हमधील कॅशे सुमारे ४२ जीबीवरून ११५ जीबीपर्यंत वाढली, पण ती भरल्यानंतरचा वेग सुमारे १,५०० वरून ८०० एमबीवर उतरला. कॅशेतला वेग कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३,३०० धरला तर १०० जीबी लिहायला जुन्या ड्राइव्हला सुमारे ५० सेकंद आणि नवीला ३० सेकंद लागतील. म्हणजे नवी सरस. पण २०० जीबी लिहायचे असतील तर जुनी दोन मिनिटांत मोकळी होईल आणि नवीला आणखी वीस-पंचवीस सेकंद लागतील. कोणती चांगली हे आपण एका दमात किती लिहितो यावर ठरते. सॅमसंगने निदान खोके आणि माहितीपत्रक बदलले होते. दुकानात ते वाचणारे किती, हा प्रश्न वेगळा.

चाचणी बरोबर, तरी दोष सुटला?

असेही घडले आहे. सॅमसंगचीच ‘८४० इव्हो’ ही २०१३ मधील एसएसडी टीएलसी चिप सर्वसामान्यांपर्यंत नेणाऱ्या पहिल्या काही ड्राइव्हपैकी. समीक्षकांनी तिचे कौतुक केले. वर्षभरात वापरकर्त्यांच्या लक्षात आले, की आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलेल्या फाइल वाचताना ड्राइव्ह विलक्षण संथ होते आणि नव्या फाइल मात्र पूर्ण वेगाने उघडतात. सेलमधला भार काळानुसार किंचित सरकतो. ते सांभाळून घेणाऱ्या फर्मवेअरमध्ये त्रुटी होती, म्हणून जुना डेटा पुन्हा पुन्हा वाचून पाहावा लागत होता.

चाचणीचे नेहमीचे सॉफ्टवेअर आधी स्वतःची फाइल लिहिते आणि लगेच वाचते. त्यामुळे ते हा दोष पकडूच शकत नव्हते. तो पकडला गेला तो ड्राइव्हवरच्या फाइल त्यांच्या वयाप्रमाणे वाचून पाहिल्यावर. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये दुरुस्ती दिली, ती पुरली नाही. एप्रिल २०१५ मध्ये दुसरी द्यावी लागली, आणि तिच्यातला उपाय म्हणजे ड्राइव्ह निवांत असताना जुना डेटा पुन्हा लिहून ताजा करणे.

प्रयोगशाळेत चाचणी कशी होते?

‘स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशन’ या उद्योगसंघटनेने एसएसडी चाचणीची ठरावीक पद्धत घालून दिली आहे. तिचा गाभा असा, की कोऱ्या ड्राइव्हच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आधी ड्राइव्ह पूर्ण पुसायची, मग तिच्या क्षमतेच्या दुप्पट डेटा सलग लिहायचा. त्यानंतर ठरलेले काम फेरीमागून फेरी करत राहायचे. लागोपाठच्या पाच फेऱ्यांतील चढउतार सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत आला आणि आलेखाचा कलही ठरलेल्या मर्यादेत राहिला, की वेग स्थिरावला असे मानून तो आकडा नोंदवायचा. सर्व्हर विकत घेणारे हाच आकडा विचारतात. घरगुती ग्राहकाच्या खोक्यावर तो नसतो. घरची ड्राइव्ह दिवसरात्र लेखन करत नसल्याने तो काहीसा अन्यायकारक ठरेल हे खरे, पण कॅशे किती जीबीची आणि ती संपल्यावर वेग किती, एवढे दोन आकडे छापायला हरकत नसावी.

घरी तपासायचे तर कसे?

सुरुवात वेगाने करू नये, ओळख पटवण्याने करावी. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर ड्राइव्हचे नाव, फर्मवेअर, तापमान, उरलेले आयुष्य आणि आतापर्यंत झालेले लेखन दाखवते. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर हजारो तासांचा वापर नोंदलेला दिसला तर पुढची चाचणी करण्याचे कारणच उरत नाही. जोडणी कोणत्या पिढीची चालू आहे आणि ड्राइव्ह कोणत्या पिढीची आहे, हेही तिथे शेजारी-शेजारी दिसते.

मग क्रिस्टलडिस्कमार्क. मायक्रोसॉफ्टच्या ‘डिस्कएसपीडी’ या साधनावर ते चालते आणि संगणकाच्या रॅमला वळसा घालून थेट ड्राइव्हची मोजणी करते. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत दिसणारा वेग यासाठीच भरवशाचा नसतो, सुरुवातीला तिथे रॅमचाच वेग दिसतो. एकदा मूळ मांडणीत चाचणी घ्यावी आणि वाचताना पहिल्या ओळीऐवजी शेवटची ओळ आधी पाहावी. नंतर फाइलचा आकार ३२ किंवा ६४ जीबी करून पुन्हा चालवावी. लेखनाचा आकडा घसरला तर कॅशेची सीमा जवळ आली असे समजावे.

खरी परीक्षा मात्र मोठ्या कॉपीचीच. शंभर-दोनशे जीबींचे व्हिडीओ एका वेगवान ड्राइव्हवरून दुसरीवर टाकावेत आणि टास्क मॅनेजरमधला आलेख पाहत बसावे. आलेखाची पायरी जिथे पडते तिथपर्यंत कॅशे, त्यापुढची सपाट रेषा म्हणजे ड्राइव्हचा खरा लेखनवेग. हीच कॉपी ड्राइव्ह तीन-चतुर्थांश भरलेली असताना पुन्हा केली तर पायरी किती अलीकडे सरकली ते कळते. देणारी ड्राइव्ह संथ असेल तर अर्थातच तिचाच वेग मोजला जाईल. बाहेरून जोडायची एसएसडी असल्यास केबल आणि पोर्ट तपासावेत, कारण यूएसबी २ च्या पोर्टवर कोणतीही एसएसडी ४० एमबीच्या वर जात नाही.

तापमानाकडेही लक्ष हवे. बहुतेक एनव्हीएमई एसएसडी ७० अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्यापुढे स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. परीक्षणे सहसा वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरला पंख्याखाली चालणाऱ्या लॅपटॉपला ती तंतोतंत लागू पडतीलच असे नाही.

अशा चाचण्यांनी ड्राइव्ह झिजते का?

झिजते, पण भीती बाळगण्याइतकी नाही. एक टीबीच्या ‘९७० इव्हो प्लस’ची हमी ६०० टीबी लेखनापर्यंत आहे. क्षमतेच्या दुप्पट लेखनाची कठोर चाचणी केली तरी दोन टीबी खर्च होतात, म्हणजे तीनशेवा हिस्सा. रोज उठून चाचणी करण्याची सवय मात्र निरर्थक.

स्मार्टफोनमध्येही हाच प्रकार?

फोनमधील साठवणही फ्लॅशचीच असते. फोनच्या साठवणीसाठीच्या ‘यूएफएस ३.१’ या २०२० च्या मानकात ‘राइट बूस्टर’ नावाने एसएलसी कॅशेच आणली गेली. गुगलचा २०१२ चा ‘नेक्सस ७’ हा टॅबलेट काही महिन्यांत संथ होत असल्याच्या तक्रारी होत्या. पुढच्या वर्षी ‘अँड्रॉइड ४.३’मध्ये ट्रिमची सोय आल्यावर त्याला पुन्हा जीव आला. फोन काठोकाठ भरला की रखडतो, त्यामागे रिकाम्या ठोकळ्यांची हीच टंचाई हे एक कारण असते.

फोनला जोडायची म्हणून ऑनलाइन बाजारात ‘१६ टीबी एसएसडी’ दोन-तीन हजार रुपयांत दिसते, ती मात्र वेगळीच गोष्ट आहे. अशा अनेक डब्या उघडल्यावर आत साधे मेमरी कार्ड सापडले आहे. फर्मवेअर खोटी क्षमता दाखवते. खरी जागा संपल्यावरही फाइलींची नावे आणि आकार यादीत व्यवस्थित दिसत राहतात, आतला डेटा मात्र कुठेच नसतो. घरातले सगळे फोटो तिथे हलवून मूळ प्रती डिलीट करणाऱ्याला हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. वेगाची चाचणी इथे कामाची नाही. लिहिलेले सगळे परत वाचून जुळवणारे ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे जर्मनीच्या ‘सी-टी’ मासिकाचे मोफत साधन त्यासाठी वापरतात. लिनक्स आणि मॅकवर ‘एफ३’ आहे. पूर्ण १६ टीबी लिहायला ३० एमबीच्या वेगाने सहा दिवस लागतील, पण आत ६४ किंवा १२८ जीबीचे कार्ड असेल तर २०० जीबी लिहून परत वाचले तरी पितळ उघडे पडते. नुसत्या लेखनालाच दोनेक तास जातात, वाचनाचा वेळ वेगळा. वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ते उरकलेले बरे.